मैदान तीन सेकंदात संपतं

संपादक साहेब नमस्कार, मागच्या आठवड्यात वाचकांच्या पत्रांत खारघरच्या एका काकांनी लिहिलं होतं की मैदानात पोरं रिमोटची विमानं उडवतात, कोणाच्या डोक्यात बसलं तर काय. मी स्वतः बारा वर्षं हाच उद्योग करतोय, तरी सांगतो, काकांचं बरोबर आहे.

फोमचं ट्रेनर (शिकाऊंचं हळू विमान) असेल तर एकवेळ ठीक पण आम्ही बनवतो ती स्पीडची विमानं. प्रॉपेलर जेमतेम पाच इंची, पिच (एका फेऱ्यात कागदावर पुढे जायचं अंतर) पण पाच इंच, मोटर मिनिटाला ३० हजार फेरे मारते म्हणजे कागदावर ताशी २२८ किमी, हवेत त्यातले २०० धरा. सेकंदाला ५५ मीटर! दीडशे मीटरचं मैदान तीन सेकंदात संपलं, वळवणार कुठे? त्यात एलेरॉनच्या (पंखाच्या मागची हलती पट्टी) जोडणीत केसाएवढी ढिलाई राहिली की या वेगाला फ्लटर म्हणजे जोरदार थरथर सुरू होते, भर्रर्र आवाज येतो आणि काय झालं ते कळायच्या आत पंख सुटलेला असतो. माझं एक असंच गेलं, तीन महिन्यांचं काम, बाल्साचं हलकं लाकूड, कार्बन रॉड सगळं, सर्वोच्या (ती पट्टी हलवणारी छोटी मोटर) गिअरमध्ये ढिलाई आहे हे आदल्या रात्री दिसलं होतं पण म्हटलं चालतंय. लिपो बॅटरी तेवढी सापडली, तीपण चेपलेली (चेपलेली लिपो घरात ठेवायची नसते, बायकोला अजून बोललो नाहीये).

आता नवी मुंबईचा विमानतळ सुरू झाला. २०२१ च्या ड्रोन नियमांत आमची खेळणीपण येतात, हद्दीपासून ८ किमीच्या आत परवानगीशिवाय काही उडवायचं नाही, पुढे १२ पर्यंत २०० फुटांची मर्यादा. तक्रार नाही, खरी विमानं उतरतात तिथे आम्ही कशाला कडमडायचं. पण मग रविवारी साडेचारला उठून मुरबाडच्या पुढे जायचं, तेही भात कापून झाल्यावर, शेतकरीदादा हो म्हणाले तर.

ठाणे जिल्ह्यात इतके टर्फ झाले, एक माळ रविवारी सकाळी ६ ते ९ आम्हाला द्या ना कोणीतरी. चारशे मीटर लांब, जवळ रस्ता नको, हायटेन्शनच्या तारा नकोत, बाकी गवत आम्ही कापू.

आणि काकांना सांगा, ती पोरं आमच्याकडे पाठवा, गाडीत मागे दोन सीट रिकाम्या असतात.

– एक वाचक, खारघर