साहेब, एका गाडीच्या तपासणीसाठी आम्ही जायचं कुठं?

मा. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्री साहेब,
सप्रेम नमस्कार.

मी यवतमाळ जिल्ह्यातला, दारव्ह्याकडचा. वेल्डिंगचं आणि ट्रॅक्टर दुरुस्तीचं दुकान आहे, चार एकर कोरडवाहू शेती आहे. परवा रात्री अडीच वाजता मी आणि पोरानं आमची गाडी टेम्पोतून उतरवून परत घरासमोर लावली, तेव्हापासून डोळ्याला डोळा नाही म्हणून हे लिहून राहिलो. तुमचा वेळ मोलाचा आहे, पण वाचा.

गाडी आम्ही बापलेकांनी बनवली. तीन वर्षं लागली. चौकोनी पाइपची चेसिस, मारुती ८०० चं ७९६ सीसीचं भंगारातलं इंजिन, गिअरबॉक्स त्याचाच, पत्रा हातानं ठोकलेला. पोरगा आयटीआयला मोटर मेकॅनिक शिकतो, ब्रेकच्या लाइनी त्यानं टाकल्या आणि तीनदा उघडून परत टाकल्या कारण मागचं डावं चाक उशिरा धरत होतं. एक लाख ऐंशी हजार गेले, त्यात दोन हंगामांचा कापूस गेला आणि घरचीच्या कानातलं गेलं.

आरटीओत पासिंगसाठी गेलो तर साहेब लोक म्हणाले आधी टेस्टिंग एजन्सीचं प्रमाणपत्र आणा. कोणती एजन्सी? तर केंद्रीय मोटार वाहन नियमातला १२६ नंबरचा नियम दाखवला. मी आणि पोरगा मोबाईलवर नकाशा उघडून बसलो. गाड्या तपासणाऱ्या संस्था म्हणजे पुण्यात एआरएआय आणि सीआयआरटी, अहिल्यानगरला व्हीआरडीई, आणखी केंद्रं इंदूरजवळ पिथमपूर, हरियाणात मानेसर, तिकडं चेन्नई. मध्य प्रदेशातलं बुदनी त्यातल्या त्यात जवळ, पण तिथं काम ट्रॅक्टर अन् शेतीच्या मशीनचं. विदर्भात एक नाही. अकरा जिल्हे साहेब, आणि एक नाही.

यातलं आम्ही कोणतं निवडलं ते लिहत नाही, गेटवरच्या माणसाची त्यात चूक नव्हती. फोनवर मात्र चारदा विचारलं होतं, चारही वेळा सांगितलं घेऊन या, पाहून घेऊ. गाडीला नंबर नाही म्हणजे रस्त्यावर चालवता येत नाही, बिननोंदणीची गाडी चालवायचं ट्रेड सर्टिफिकेट कंपनीला अन् डीलरला मिळतं, आपल्याला नाही, म्हणून टेम्पो केला. जाऊन येऊन हजाराच्या वर किलोमीटर, भाडं अठ्ठावीस हजार. २०२५-२६ चा लांब धाग्याचा हमीभाव क्विंटलला ८११० धरला तरी साडेतीन क्विंटल कापूस नुसता टेम्पोत गेला, आणि तो भाव आमच्या हातात किती जणांच्या पडतो ते तुम्हाला माहीत आहे.

गेटवर पहिला प्रश्न, कंपनी कोणती? कारण नियमात शब्दच उत्पादक किंवा आयातदार असा आहे, त्यानं नमुना आणून द्यायचा. घरी एक गाडी बनवणारा माणूस त्या नियमात कुठंच नाही. आतल्या एका इंजिनिअर साहेबांना दया आली, त्यांनी बाहेर येऊन समजावलं की कारच्या मान्यतेत समोरून ५६ च्या स्पीडनं धडक टेस्ट असते आणि बाजूनं ५० ची वेगळी. पोरानं विचारलं, सर आमच्याकडं एकच गाडी आहे, ती ठोकल्यावर पासिंग कशाचं करायचं? त्यांना उत्तर देता आलं नाही. वर इंजिन जुनं, १ एप्रिल २०२० पासून नवीन नोंदणीला धुराचा बीएस-६ निकष लागतो, ते तर होणारच नाही. ब्रेक कोणी पाहिले नाहीत. बोनेटसुद्धा उघडलं नाही. येताना मेहकरला चहाला थांबलो तर पोरगा टेम्पोतून उतरला नाही, घर येईपर्यंत एक शब्द बोलला नाही.

मला सूट नको साहेब. उलट मला तपासणी पाहिजे. माझा पोरगा त्या गाडीत बसणार आहे, ब्रेक, स्टिअरिंग, वेल्डिंग, लाइट, बेल्ट सगळं कोणीतरी शिकलेल्या माणसानं कडक तपासावं, चुकलं तर आम्ही परत करू. इंग्लंडात २००९ पासून एकेका गाडीची मान्यता आहे, तिथं घरी गाडी बनवणारा माणूस अर्ज भरतो, जवळचं सरकारी केंद्र निवडतो, त्याची ती एकच गाडी तपासतात, फोडत नाहीत, धुराचा निकषही इंजिनच्या वयाप्रमाणं लावतात. मग आमच्याच पोरांसाठी हे काहून होत नाही?

आता रस्ता उरला तो हा. गावी परतल्यावर दुसऱ्याच दिवशी एक एजंट घरी आला, म्हणे चाळीस हजार द्या, एका जुन्या जीपच्या आरसीवर चढवून देतो. म्हणजे प्रामाणिक माणसाला दार बंद आणि खोट्या कागदाला उघडं. मी त्याला हाकललं, पण माझ्यासारखे किती हाकलतील? अशा गाड्या रस्त्यावर येतील तेव्हा त्यांचे ब्रेक कोणी तपासलेले असतील?

आणि हे गाडीपुरतं नाही. १९५३ ला विदर्भाला वाटा देऊ म्हणून नागपूर करार झाला, १९८४ ला दांडेकर समितीनं अनुशेष, म्हणजे विकासात कोण किती मागं राहिलं ते, मोजून दिला, विकास मंडळं आली आणि ३० एप्रिल २०२० ला त्यांची मुदतही संपली. कापूस आमचा, कोळसा आमचा, वीज आमच्या इथून जाते, आणि एक गाडी तपासायची तर राज्याचं दुसरं टोक गाठा. तुम्ही स्वतः नागपूरचे, तुम्हाला हे मी सांगावं लागतं याचंच जास्त दुःख होतं.

नियम १२६ मध्ये स्वतःसाठी एकच गाडी बनवणाऱ्याची वेगळी सोय करा, धडक टेस्टऐवजी चेसिस आणि वेल्डिंगची तपासणी ठेवा, आणि एक केंद्र नागपूरला नाहीतर अमरावतीला द्या. इंजिनिअरिंग कॉलेजं आहेत, एमआयडीसीत जागा पडून आहेत. फी घ्या, आम्ही भरू.

गाडी सध्या अंगणात ताडपत्रीखाली आहे. पोरगा तिकडं जात नाही, कॉलेजलाही दोन दिवस गेला नाही. नाही म्हणायचं असलं तरी तसं लिहून पाठवा, पण पावसाळ्याच्या आत पाठवा, ताडपत्री फाटलेली आहे आणि चेसिसला अजून शेवटचा रंग दिलेला नाही.

आपला,
एक वेल्डर, दारव्हा तालुका, जि. यवतमाळ