एकच फाइल, दोन खिडक्या

महोदय,

‘फाइल सेव्ह केली होती, तरी दुरुस्त्या उडाल्या’ अशी तक्रार कचेऱ्यांतून नेहमी ऐकू येते. डिस्कला किंवा व्हायरसला दोष देण्याआधी तीच फाइल दोन खिडक्यांत उघडी होती का, ते पाहावे. विंडोज 10 च्या नोटपॅडमध्ये एका फाइलवर पुन्हा डबल-क्लिक केले की दुसरी खिडकी उघडते आणि एकीला दुसरीची खबर नसते. पहिलीत दहा ओळी सुधारून सेव्ह केल्या, मग जुना मजकूर असलेल्या दुसरीत नुसता एक स्वल्पविराम बदलून कंट्रोल-एस दाबले, की दहाही ओळी गेल्या. विचारणा नाही, इशारा नाही.

त्यापेक्षा फाइल चालू खिडकीतच उघडावी. विंडोज 11 च्या नोटपॅडमध्ये सेटिंग्जमध्ये जाऊन फाइल नव्या टॅबमध्ये उघडण्याचा पर्याय निवडता येतो. नोटपॅड प्लस प्लस हा वेगळा एडिटर (मजकूर लिहिण्याचा प्रोग्राम) मुळातच तसे वागतो. डबल-क्लिक केल्यावर त्याची दुसरी प्रत क्षणभर सुरू होते, चालू खिडकी शोधून फाइलचे नाव तिच्याकडे सोपवते आणि स्वतः मिटते. मेख इथेच आहे. त्याच्या जुन्या आवृत्तीत पहिली खिडकी ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’ने, म्हणजे वाढीव अधिकाराने, उघडलेली असेल, तर साध्या अधिकाराच्या प्रतीचा निरोप विंडोज तिच्यापर्यंत पोचू देत नाही. फाइल उघडत नाही, चूकही दिसत नाही आणि लोक बिचारे एडिटर पुन्हा इन्स्टॉल करत बसतात! तो बंद करून साध्या पद्धतीने उघडला की काम होते.

व्हिम हा एडिटर मात्र ‘ई 325’ असा इशारा देतो. तीच फाइल दुसरीकडे उघडी असेल तर इशारा आलेल्या खिडकीत ‘क्यू’ दाबून बाहेर पडावे आणि पहिल्या खिडकीत जावे. ‘एडिट एनीवे’ निवडले की पुन्हा तोच घोळ.

व्हीएस कोड हा एडिटर वापरणाऱ्यांनी टर्मिनलवर (आज्ञा टाइप करण्याच्या खिडकीत) ‘कोड’पुढे वजा चिन्ह, त्याला चिकटून ‘आर’ आणि मग फाइलचे नाव लिहावे. फाइल चालू खिडकीत येते. पण गिटचा, म्हणजे फाइलींतल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनाचा, संदेश लिहिण्याचा एडिटर म्हणून तो नेमताना दोन वजा चिन्हे आणि ‘वेट’ जोडायलाच हवे. नाहीतर ‘कोड’ फाइल खिडकीकडे देऊन लगेच परततो, गिटला वाटते लिहून झाले, आणि संदेश रिकामा म्हणून कमिट (बदलांची नोंद) रद्द होते. चालू इमॅक्स एडिटरकडे फाइल सोपवणारा इमॅक्सक्लायंट आपणहून थांबतो; त्यात लिहून झाल्यावर कंट्रोल-एक्स आणि मग हॅश दाबले, की गिट पुढे सरकते.

– एक वाचक, पुणे