अण्णा, आमच्या परसबागेसाठी तुमचे मनापासून आभार

आदरणीय अण्णांस,
सप्रेम नमस्कार.

समोर बसून आभार मानायला लागलं की तुम्ही विषय खतावर नेता. म्हणून हे उघडं पत्र. सोसायटीतल्या सगळ्यांनी ते वाचावं अशीही इच्छा आहे.

इमारतीमागच्या उत्तरेकडच्या पट्टीत काही पिकेल असं कुणाला वाटत नव्हतं. माघात तिथे भर दुपारीही सावली. तुम्ही बियाण्यांची यादी बाजूला ठेवायला लावलीत आणि सकाळ, दुपार, संध्याकाळ सावली जिथे संपते तिथे चुन्याच्या रेघा मारून घेतल्यात. सूर्य उत्तरेकडे सरकेल तशी दुपारची रेघ भिंतीकडे येत जाईल आणि १४ मेच्या सुमारास, पुण्यात सूर्य माथ्यावर आला की, ती भिंतीलाच टेकेल, हे मुलांना काठी रोवून समजावलंत. आमचा सगळा नकाशा त्या रेघांवरून ठरला. बाहेरच्या, उन्हाच्या बाजूला भेंडी आणि गवार. भिंतीलगत पालक आणि कोथिंबीर, म्हणजे ऊन तिथवर पोहोचेपर्यंत ती काढून होते. नोकरीत असताना शेतकऱ्यांच्या बांधावर घालवलेली तुमची वर्षं त्या दिवशी आमच्या कामी आली.

जमिनीचं तर काय सांगावं! कुदळ मारली की विटांचे तुकडे आणि मुरूम. ट्रकभर लाल माती मागवायचं ठरत होतं, पण तुम्ही गेटाबाहेर पेटवायला लोटून ठेवलेला पाचोळा दाखवलात. पानगळीचे दिवस, त्यामुळे माल भरपूर. राडारोडा चाळून काढला, पाचोळा, शेणखत आणि थोडी निंबोळी पेंड मिसळून वाफे भरले, उरलेल्या पाचोळ्याचं आच्छादन केलं. आता सकाळी घातलेल्या पाण्याची ओल दुसऱ्या दिवशीही बोटाला लागते. पाचोळा जाळणंही बंद झालं, आणि मला विचाराल तर बागेइतकंच हेही मोठं काम आहे.

वाफे तीन फुटांपेक्षा रुंद नकोत, हा तुमचा हट्ट होता. दोन्ही बाजूंनी मधोमध हात पोहोचला पाहिजे, वाफ्यात पाय पडता कामा नये. त्यामुळे गुडघे दुखणाऱ्या आज्याही स्टुलावर बसून खुरपणी करतात.

बऱ्याच जणांना टोमॅटो हवे होते. कडक उन्हाळ्यात फुलं गळतात, फळ धरत नाही, म्हणून तुम्ही ते पावसाळ्यावर ढकललेत. भेंडीसाठी ‘परभणी क्रांती’ ही जात सुचवलीत, कारण पांढऱ्या माशीमुळे पसरणाऱ्या, पानांच्या शिरा पिवळ्या पाडणाऱ्या केवडा रोगाला ती सहजी दाद देत नाही. बी रात्रभर भिजवणं, धने रगडून दोन फाकी करूनच पेरणं, हे सगळं तुम्ही मुलांच्या हातून करून घेतलंत. स्वतः मात्र कडेला उभे राहिलात. त्याबद्दल सर्वांत जास्त आभार, अण्णा. पेरणी तुम्ही केली असती तर बाग तुमची झाली असती. आता पहिली ते सातवीची पोरं शाळेतून आली की दप्तर टाकून आधी वाफ्याकडे धावतात.

कोथिंबिरीची पहिली जुडी काकूंकडे पाठवली आहे. दोडक्याचे वेल हातभर झालेत, मांडवासाठी बांबू आणि सुतळी आणून ठेवली आहे. रविवारी सकाळी सात वाजता, ऊन चढायच्या आत, याल ना? चहा आमच्याकडे.

आपल्या नम्र,
परसबाग गटातील सर्वजणी आणि मुलं