मतपेटी ठेवली म्हणजे मतदान गुप्त होत नाही

मा. संपादक,

ठाणे, नवी मुंबईतल्या अनेक गृहनिर्माण सोसायट्यांत समितीची निवडणूक आजही हात वर करून उरकतात. उद्या ज्याच्याकडून ना-हरकत पत्र घ्यायचे, त्याच्यादेखत त्याच्याविरुद्ध हात कोण वर करणार?

ऑस्ट्रेलियातल्या ब्रिटिश वसाहतींनी हे भोगले आहे. तिथे मतदार सर्वांसमोर उमेदवार सांगे आणि ते वहीत नोंदले जाई. उमेदवार मतदारांना दारू पाजत. १८४३ च्या निवडणुकीत सिडनी, मेलबर्नला दंगलीही झाल्या. लाच देणाऱ्याला पैसे वसूल झाल्याचा पुरावा लागतो, आणि तो आयता मिळत होता. १८५६ मध्ये व्हिक्टोरिया आणि साउथ ऑस्ट्रेलियाने नेमका तोच काढून घेतला. मतपत्रिका सरकारने छापायची, ती केंद्रावरच द्यायची, मत आडोशाला नोंदवायचे. ब्रिटनने हे १८७२ मध्ये स्वीकारले. आपल्याकडे १९५१-५२ ला प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी होती आणि पत्रिकेवर खूण करायची नव्हती. त्यामुळे कोरी पत्रिका खिशातून बाहेर नेऊन विकता येई. पुढे पत्रिकेवरच शिक्का मारण्याची पद्धत आली.

पण कागदालाही पळवाट आहे. पहिला मतदार पेटीत साधा कागद टाकतो आणि खरी पत्रिका बाहेर आणतो. दलाल तिच्यावर खूण करून ती दुसऱ्याकडे देतो. दुसरा ती पेटीत टाकून आपली कोरी पत्रिका दलालाला आणून देतो. साखळी दिवसभर चालते. सोसायटीत ती तोडणे सोपे आहे. पत्रिकेच्या मागे निवडणूक अधिकाऱ्याची सही हवी आणि कोपऱ्यात फाडता येईल असा क्रमांक. घडी घातलेली पत्रिका परत आली की दिलेला क्रमांक तोच आहे ना, हे अधिकाऱ्याने पाहावे, कोपरा फाडून वेगळा ठेवावा आणि मगच पत्रिका पेटीत टाकू द्यावी. क्रमांक पत्रिकेवरच राहिला तर मत कोणाचे, हे कळेल.

आता हा पुरावा मोबाइल देतो. फोन बाहेर ठेवूनच मतदाराला आत सोडावे. आडोसा सोसायटीच्या सीसीटीव्हीखाली नसावा. इमारतीनिहाय मोजणी तर मुळीच नको: आठ सदनिकांच्या विंगमधली सगळी मते एकाच बाजूला पडली, तर गुप्त काय राहिले? सगळ्या विंगच्या पत्रिका आधी एकत्र मिसळाव्यात, मग मोजाव्यात.

– एक वाचक, ठाणे (पश्चिम)