पाटीवर 'मामा तलाव' नको, नाव हवे

मा. संपादक,
स.न.

भंडारा-गोंदियात माजी मालगुजारी तलावाची, म्हणजे पूर्वी गावाचा सारा वसूल करणाऱ्या मालगुजारांकडे असलेल्या तलावाची, दुरुस्ती झाली की पाळीवर (तलावाच्या मातीच्या बांधावर) पाटी लागते. तीवर योजना, निधी, सिंचनक्षेत्र सगळे असते. नावाच्या जागी मात्र 'मा.मा. तलाव' आणि गट क्रमांक. त्याच पाण्याला गावात कुणी उंबरबोडी (बोडी म्हणजे लहान तलाव) म्हणते, कुणी नवा तलाव, कुणी जुन्या पाटलाच्या नावाने ओळखते.

'मामा' हे माजी मालगुजारीचे लघुरूप. मालगुजारी संपवणारा मध्य प्रदेशचा मालकी हक्क निर्मूलन कायदा 1950 चा, आणि तो 1951 मध्ये अमलात आला. त्याआधी कुठलाच तलाव 'माजी' नव्हता. तलाव मात्र गोंड राजवटीत कोहळी समाजाने बांधायला घेतलेले. तरी मामाने भाचीसाठी खणला अशी कथा चिकटायला वेळ लागत नाही, आणि पाटीवर चढली की तिचा इतिहास होतो.

नाव शोधायचे तर आधी कागद बघावेत, मग माणसांकडे जावे. उलट केले तर ऐकलेली कथाच कागदात दिसू लागते. गाव नकाशा आणि सातबारा हाताशी ठेवून जुन्या महसुली बंदोबस्ताच्या, म्हणजे जमीन मोजून सारा ठरवण्याच्या, वेळचा खसरा (शेतांची क्रमांकवार नोंद) व नकाशा यांची नक्कल मागवावी. अर्ज तहसील आणि भूमी अभिलेख या दोन्ही कार्यालयांत करावा, कारण दप्तर कुठे आहे ते गावागणिक बदलते. गोंदिया जिल्हा 1999 मध्ये वेगळा झाला, गडचिरोली 1982 मध्ये. जुने कागद नव्या जिल्ह्यात सापडले नाहीत तर भंडारा किंवा चंद्रपूरला विचारावे. अर्जात आजच्या गटाबरोबर जुना खसरा क्रमांक लिहिला नाही, तर 'नोंद आढळत नाही' असे उत्तर हमखास येते. निस्तार पत्रक आणि वाजिब-उल-अर्ज हेही बघावेत. पहिल्यात गावाचे निस्ताराचे, म्हणजे चराई, सरपण, पाणी अशा सामायिक वापराचे, हक्क असतात, दुसऱ्यात पाणी आणि मासेमारीच्या वहिवाटी, आणि त्या लिहिताना कोणता तलाव ते सांगावेच लागते.

सर्वात जास्त फसवते ती रिठी. ओसाड पडलेल्या मौजाला महसुली कागदात रिठी म्हणतात. वस्ती उठून गेली, शेते शेजारच्या गावाने कसायला घेतली, पण तलावाला जुन्या मौजाचेच नाव राहिले. आजच्या गावात त्या नावाचा अर्थ कुणालाच लागत नाही आणि मग राणी, सावकार, खजिना पुढे येतात. म्हणून कथा ऐकण्याआधी शिवेलगतच्या रिठींची नावे काढून ठेवावीत. अर्धी कोडी तिथेच सुटतात. टोल्यांचेही (गावाबाहेरच्या वाड्यांचेही) असेच. टोल्यावरून तलाव की तलावावरून टोला, हे दोघांपैकी कोण कोणत्या सालच्या नकाशावर आधी दिसते त्यावरून ठरवावे. ब्रिटिशकालीन इंग्रजी नकाशावर फार विसंबू नये. रोमन लिपीतून नाव परत देवनागरीत आणताना 'त'चा 'ट' आणि 'ड'चा 'द' होतो, आणि उंबराचा तलाव भलत्याच कुणाचा होऊन बसतो.

'नवा तलाव' म्हणजे अलीकडचा, असेही नाही. शेजारच्यापेक्षा नंतरचा, एवढेच. बांधणाऱ्याचे नाव तलावाला असेलच असेही नाही. नवेगाव बांध अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी यांनी बांधला असे सांगतात. तलावाला नाव गावाचे राहिले आणि बांधणारा कोलासूर देव होऊन टेकडीवर बसला. सातबहिणी हे नावही तिथल्या टेकड्यांना आहे, पाण्याला नाही. त्यामुळे आसपासची देवस्थाने टिपल्याशिवाय चौकशी पुरी होत नाही.

माणसांना विचारताना चावडीवर सगळ्यांना एकत्र बसवू नये, ज्याचा आवाज मोठा त्याचीच कथा उरते. ढिवर (मासेमार), गुराखी, पाळीखालचे धानवाले यांना वेगवेगळे गाठावे. ढिवरांकडे तलावातल्या जागांचीही नावे असतात: खोल डोह, तुडुमाजवळचे (पाणी सोडण्याच्या तोंडाजवळचे) पाणी, आधी आटणारी कड. गोंडी बोलणारी घरे असतील तर तिथला उच्चार जसा ऐकला तसा लिहावा, मराठीत बसवू नये.

पाटीवर मजकूर थोडाच हवा: बोलीतले नाव, मौजा, रिठी असल्यास ती, आजचा गट व जुना खसरा क्रमांक, सर्वात जुनी नोंद आणि तिचे साल. ऐकीव माहिती वेगळ्या ओळीत, 'असे सांगतात' म्हणून. दोन नावे असतील तर दोन्ही द्यावीत. खांबासाठी पाळीचा माथा खोदू नये. भर सैल होते, पाणी मुरते आणि पुढे तिथूनच पाझर लागतो. पाटी गावाकडच्या टोकाला, पाळीबाहेरच्या घट्ट जमिनीवर असावी. सांडवा आणि गाळाच्या ट्रॅक्टरची वाट टाळावी.

एकाच गावात तीन-चार बोड्या असतात. सगळ्यांना 'मामा तलाव' म्हटले की दुरुस्तीचे अंदाजपत्रक एकीचे आणि काम दुसरीवर, मासेमारीच्या ठेक्यात भलताच गट, असे घोळ होतात. तेव्हा ग्रामपंचायतींनी ग्रामसभेत नाव आणि गट क्रमांक यांचा ठराव घेऊन त्याची प्रत तलाठी व जिल्हा परिषदेच्या लघु पाटबंधारे विभागाला द्यावी, आणि विभागाने पुढची निविदा काढताना गटाशेजारी ते नावही छापावे, ही विनंती.

— एक वाचक, साकोली