किल्ल्यांना नंबर कशाला?

संपादक साहेब, नमस्कार.

दिवाळी तोंडावर आली की आमच्या वडगावात पोरांची किल्ल्याची गडबड सुरू होते, माती आणा, दगड आणा, गोणपाट भिजवा, घरातलं हळीव पळवून तटावर पेरा. गेल्या वर्षी गल्लीतल्या एकाला विचारलं, काय रे यंदा कुठला गड, तर म्हणतो, "काका, यंदा स्पर्धा नाही म्हणे, मग कशाला करायचा?" चार वर्षांमागं हाच पोरगा चिखलात बसायचा तर जेवायला हाका मारून आई दमायची.

मी काय मानसशास्त्र शिकलेला नाही, फाउंड्रीत मोल्डर म्हणून, म्हणजे ओतकामाचे वाळूचे साचे करण्यात, जन्म गेला, पण मुलीनं बीएडला असताना एक प्रयोग सांगितलेला तो डोक्यात बसलाय. 1973 साली अमेरिकेत लेपर, ग्रीन आणि निस्बेट या तिघांनी बालवाडीतली मुळातच चित्रांची आवड असलेली पोरं घेतली. काहींना आधीच सांगितलं, चित्र काढा, सोनेरी चांदणी लावलेलं सर्टिफिकेट मिळेल, काहींना न सांगता नंतर दिलं, काहींना काहीच नाही. एक-दोन आठवड्यांनी वर्गात नुसते स्केचपेन ठेवले तर आधी कबूल करून दिलेली पोरं बाकीच्यांच्या जवळपास निम्माच वेळ चित्रं काढत बसली. अचानक मिळालेल्यांचं मात्र काही बिघडलं नव्हतं, हे बघा.

उद्यमबागेत आमच्या फाउंड्रीतही तेच. नवीन पोराला वाळूत ओल किती पाहिजे ते मुठीत दाबून दाखवायचो, त्याचे पैसे कुणी मागत नव्हतं. मग शिकवणाऱ्याला भत्ता लागला, दोन वर्षांनी मंदीत बंद झाला, आणि जो तो म्हणायला लागला, फुकट कोण शिकवतंय? मीही म्हणालो, खोटं कशाला बोलू. (पगाराचं वेगळं हं, तो पोटापुरता आणि वेळेवर पाहिजेच, आवडीचं नाव सांगून पगार दाबणाऱ्या मालकांनी हे पत्र कापून ठेवू नये.)

तर किल्ल्यांची स्पर्धा घेणाऱ्या मंडळांना एवढंच सांगणं, बक्षीस द्या पण महिनाभर आधी बॅनर लावून नको. किल्ला बघायला या, खाली बसून विचारा, बाबा ही चोरवाट कुठून काढलीस, पोरगं अर्धा तास सोडत नाही. आणि साहेब, तुमच्या पेपरात किल्ल्यांचे फोटो पहिला दुसरा न लिहिता छापता येतील का?

त्या पोराच्या धाकट्या भावानं परवाच दारात माती आणून टाकलीय. कुठला गड ते अजून सांगत नाही.

एक निवृत्त मोल्डर, वडगाव, बेळगाव