रहस्यमालिकेतला धागाच सुटतो

संपादक महोदय,

आपल्या रविवार पुरवणीत जपानी ॲनिमेवर, म्हणजे तिकडच्या ॲनिमेशन मालिकांवर, आलेला लेख वाचून 'शोशिमिन' ही रहस्यमालिका बघायला घेतली. सेलूच्या मोंढ्यात आमचं बी-बियाण्यांचं दुकान आहे. रात्री हिशेब उरकला की मी आणि धाकटी बहीण मोबाइलवर काहीतरी बघतो. रहस्यकथा असली की चोर आधी कोण ओळखतं यावर आमची चढाओढ लागते. इथे मात्र पार हिरमोड झाला.

जुलै २०२४ मध्ये जपानमध्ये सुरू झालेल्या या मालिकेत कोबातो आणि ओसानाई ही दोन शाळकरी मुलं आहेत. चारचौघांसारखं राहायचं, कुणाच्या भानगडीत पडायचं नाही, असं त्यांनी ठरवलंय. पण पहिल्याच भागात ओसानाईची सायकल चोरीला जाते आणि टोपलीतला स्ट्रॉबेरी टार्ट हा केकसारखा गोड पदार्थही जातो. सुरुवात झकास!

दुसऱ्या भागातलं कोडं तर अस्सल आहे. कोबातोच्या मित्राने तिघांसाठी गरम कोको केला, तरी स्वयंपाकघरातलं सिंक कोरडं ठणठणीत. वापरलेले फक्त तीन कप आणि एक चमचा. बहीण लगेच म्हणाली, "मग दूध कशात तापवलं? पातेलं विसळायला पाणी लागतंच की!" उत्तर इथे फोडत नाही, पण सगळा पुरावा असा समोर मांडल्यावर गोष्ट पळायला हवी. ती तिथेच बसते. पात्रं एक वाक्य बोलतात, थांबतात, पुन्हा तेच घोळवतात. तर्क सांगता सांगता एकदम भलत्याच ठिकाणी उभी दिसतात. चित्रं देखणी आहेत, त्याबद्दल तक्रार नाही. पण तेवढ्या वेळात नवा धागा एकही हाती लागत नाही. आणि सायकलचोर? तो राहतो बाजूलाच. "दादा, त्या टार्टचं काय झालं?" असं बहीण विचारत राहिली, मग कंटाळून तिने बघणंच सोडलं.

संथपणाचं मला वावडं नाही. आमच्याकडे सप्ताहात कीर्तनकार एका अभंगावर दोन तास बोलतात आणि माणूस जागचं हलत नाही, कारण प्रत्येक दृष्टांतातून चरणाचा अर्थ आणखी उलगडतो. रहस्यकथेनेही खुशाल वेळ घ्यावा, पण त्या वेळात संशय एकावरून दुसऱ्यावर फिरला पाहिजे, बघणाऱ्याच्या डोक्याला काम मिळालं पाहिजे.

पहिल्या पर्वाचे दहाही भाग मी नेटाने पाहिले. शेवटाकडे ओसानाईच्या अपहरणापासून गोष्ट खरंच पकड घेते, आणि म्हणूनच जास्त वाईट वाटतं. ज्यांना हे जमतं, त्यांनी आधीचे इतके भाग का रेंगाळत घालवले?

पुरवणीत मालिका सुचवताना भाग किती, कोडं त्याच भागात सुटतं की पुढे लांबतं, एवढं तरी कृपया छापत जा. दुसऱ्या पर्वाचे बारा भाग २०२५ मध्ये येऊन गेले आहेत. ते कुणी पाहिले असतील तर त्यांचंही मत वाचायला आवडेल.

— एक वाचक, सेलू (जि. परभणी)